बांगडी पंजावरून जात नाही. हातांसाठी लेझर, फिलर, चरबी, यातलं नक्की काय करावं?

अबोली_मिरज

नमस्कार. मी पारलिंगी बाई, वय ३१, राहायला मिरजेत. हार्मोन सुरू होऊन तीन वर्षं होऊन गेली. चेहऱ्याचं लेझर झालं, आवाजावर मेहनत घेतली. आता अडलंय ते हातांपाशी.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सकाळी सहापासून रांग असते, उपाशीपोटी आलेली माणसं, शुगरवाली, गरोदर बायका. बहुतेकांना सुई बघवत नाही, मग ते नजर वळवतात ती नेमकी माझ्या बोटांवर. तोंडाला मास्क, केस बांधलेले, सगळे ‘मॅडम’ म्हणतात, आणि मग एखादी आजी माझ्या पंजाकडे बघते, वर माझ्या डोळ्यांकडे बघते, परत पंजाकडे. काही बोलत नाही. मला मात्र पट्टी बांधून ती उठेपर्यंत श्वास नीट घेता येत नाही. आमच्याकडे हातमोज्यांचे स्मॉल आणि मीडियमचे खोके सगळ्यांचे, लार्जचा एक खोका माझ्यासाठी वेगळा येतो. दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून त्यावर पेनाने माझं नाव लिहिलंय. लिहिणारीच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझा दिवस रोज ते वाचून सुरू होतो.

गंमत नाही, खरंच सांगते: दिवसभर मी लोकांच्या हातात शीर शोधते. ठसठशीत शीर दिसली की बरं वाटतं, एका टोचणीत काम होतं. आणि स्वतःच्या हातावरच्या त्याच शिरा मला नकोशा होतात. बोटांच्या पेरांवर काळे केस आहेत ते वेगळंच. मधे आठ महिने मी जेवण फार कमी केलं, अकरा किलो उतरवले, नाजूक दिसेन म्हणून. गाल बसले, आणि हातावरच्या शिरा आणि हाडं होती त्याहून वर आली.

पण प्रश्न विचारायचं कारण गेल्या महिन्यातलं. धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात आहे. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी कासारीण घरी आली. आई स्वतः मला म्हणाली, “तू पण बस.” आयुष्यात पहिल्यांदा. मी शेवटी बसले. कासारीणकाकूंनी माझा अंगठा तळव्यात दुमडला, करंगळीकडून पंजा दाबला, “सैल सोड गं हात” म्हणाल्या. दोन-आठ मापाची हिरवी बांगडी बोटांच्या मुळाशी अडली. साबणाचं पाणी लावलं. दुसऱ्या खेपेला अंगठ्याच्या मुळाशी बांगडी कडकन फुटली आणि काच आत गेली. मावशी म्हणाली, “राहू दे, तिला कशाला.” आईने काहीच न बोलता हळद आणून दाबली. मी रोज रक्त बघते, पण त्या चार थेंबांनी मला रात्रभर झोप दिली नाही.

त्यानंतर एका क्लिनिकात जाऊन आले. त्यांनी पंधरा मिनिटांत सांगितलं, दोन्ही हातांना फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं भरण, भरू, हात बायकी दिसतील, शिरा इंजेक्शनने बंद करू. फिलरचे ६२ हजार, शिरांचे वेगळे, आणि ‘या आठवड्यात सवलत’. माझा पगार १९ हजार आहे. पैसे जमवीन, रात्रपाळी करीन, पण जे होणार नाही त्यावर घालवायचे नाहीत.

ज्यांनी हातांचं काही करून घेतलंय त्यांनी सांगा. पंजा रुंदीला कमी होतो का? फिलर किती टिकतं? शिरा बंद केल्या तर पुढे त्रास होतो का? आणि हे सगळं वैशाखाआधी बसेल का?

—

त्वचावाली_नाशिक

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. हात न बघता उपचार सांगता येत नाहीत, पण तुम्हाला क्लिनिकात जे सांगायला हवं होतं ते सांगते.

पंजाची रुंदी हाडांची असते. सोळा-सतराव्या वर्षापर्यंत हातांच्या हाडांची वाढीची टोकं मिटतात. त्यानंतर इस्ट्रोजेनने हाड लहान होत नाही आणि टेस्टोस्टेरॉनने मोठंही होत नाही. हाड कापून पंजा अरुंद करणं हा सौंदर्यासाठी करायचा उपचार नाही. बोटांची पकड, संवेदना, सगळं पणाला लागतं, आणि तुमचं तर पोट हातावर आहे. कुणी तसं सुचवलं तर तिथून उठून या.

हार्मोनने जे बदलतं ते कातडी, केस आणि चरबी. कातडी पहिल्या सहा महिन्यांत मऊ पडते. केसांची वाढ मंदावायला आणि चरबीची जागा बदलायला दोन-तीन वर्षं लागतात. तुमच्या बाबतीत हा काळ जवळपास पूर्ण झालाय, आणि नेमकं त्याच काळात तुम्ही उपाशी राहिलात. चरबी नीट बसायला अन्न लागतं. तीन-चार किलो परत आले तर हातांवर फरक दिसेल, तोही फुकट. आहारतज्ज्ञ गाठा, हे मी वरवर म्हणत नाही.

फिलर काय करतं? पंजाच्या मागच्या बाजूला कातडीखाली एक पातळ मोकळा थर असतो, शिरा आणि कंडरा त्याच्या खाली. फिलर त्या वरच्या थरात भरलं की शिरा आणि हाडांमधल्या खाचा झाकल्या जातात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने, एफडीएने, या जागेसाठी कॅल्शियम हायड्रॉक्सिलअपेटाइटच्या फिलरला २०१५ मध्ये आणि हायल्युरोनिक ॲसिडच्या एका फिलरला २०१८ मध्ये मान्यता दिली, ती हाताचा भरीवपणा कमी झालेल्यांसाठी. दोन्हींत एक मोठा फरक आहे, तो विचारल्याशिवाय सुई लावून घेऊ नका. हायल्युरोनिकचं काही बिघडलं, गाठ आली, रक्तवाहिनी दबली, तर हायल्युरोनिडेज टोचून ते विरघळवता येतं. कॅल्शियमवालं तसं विरघळत नाही. टिकायचं म्हणाल तर साधारण सहा महिने ते वर्ष, मग पुन्हा तेवढाच खर्च.

शिरा बंद करण्याबद्दल: रक्त घेणाऱ्या बाईला मी काय सांगू? हातावरच्या शिरा उद्या तुम्हालाच सलाइनसाठी लागतील. पायावरच्या बारीक निळ्या जाळीला टोचणं वेगळं, हातावरच्या चांगल्या चालत्या शिरेला बंद करणं वेगळं. मी करत नाही.

केसांपासून सुरुवात करा. आपल्यासारख्या सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर सुरक्षित पडतं, कारण त्याचा प्रकाश वरच्या रंगात कमी अडकतो आणि मुळापर्यंत जातो. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका धरा. मधे वॅक्स किंवा धागा नको, फक्त वस्तरा, कारण मूळच उपटलं तर लेझर पडणार कशावर?

आणि एक, वैशाखासाठी घाई करू नका. लग्नाच्या तोंडावर हाताला कुठलीही सुई नको.

—

सुमन_कोथरूड

अबोली, तुझी मावशी म्हणाली ना ‘तिला कशाला’, ते वाक्य माझ्या घरात वीस वर्षं ऐकलंय मी. आई म्हणाली ‘तू पण बस’, ते मात्र मला कधी मिळालं नाही. तेवढं घट्ट धरून ठेव.

मी ४६ वर्षांची. हातांचं जे जे करता येतं ते बरंचसं करून बसलेय, म्हणून लिहिते.

पहिली चूक पार्लरमध्ये. लाइटवालं मशीन होतं, चालवणारी मुलगी चांगली होती, पण तिला कातडीचा रंग बघून मशीन कमीजास्त करता येत नव्हतं. उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पेरांवर चौकोनी डाग भाजले. आधी काळे पडले, मग पांढरे. आता अकरा वर्षं झाली, उन्हाळ्यात बाकीचा हात काळवंडला की ते चौकोन अजून दिसतात. पैसे वाचवायचे तर फिलरचे वाचव, लेझर डॉक्टरकडेच कर.

मग हायल्युरोनिकचं फिलर. सुंदर दिसायचे गं हात, खोटं सांगत नाही. पहिले दोन महिने मी चहाचा कप उगीचच दोन्ही हातांनी धरायचे. पण पहिला आठवडा सुजून वांग्यासारखे झाले होते, धुणं पिळता येईना, गाडीचा क्लच दाबता येईना. तुला तर सिरिंज धरायची असते. सुट्टी किती मिळेल ते आधी बघ. दहाव्या महिन्यापर्यंत सगळं विरून गेलं.

नंतर स्वतःची चरबी भरून घेतली. पोटातून काढतात, गाळून साफ करतात, बोथट नळीने हातात पसरतात. त्यातली बरीच शरीर शोषून घेतं, किती उरेल ते डॉक्टरही आधी छातीठोक सांगत नाहीत. माझ्या डाव्या हातात जास्त उरली, उजव्यात कमी. सूज पूर्ण उतरायला दीड महिना गेला. जे उरलं ते मात्र आजही आहे. इस्ट्रोजेन चालू आहे हे सर्जनला आणि भूलवाल्याला दोघांनाही सांगायचं, रक्ताच्या गुठळीच्या दृष्टीने ते विचार करतात.

आता ऐक, तुझ्या मूळ प्रश्नाचं. यातल्या कशानेही बांगडी गेली नाही. उलट फिलर असताना माझ्या दोन-दहाच्या बांगड्या जरा जास्तच ओढून घालाव्या लागायच्या. साधी गोष्ट आहे, भरल्यावर हात वाढतो. दिसायला मऊ होतो, मापाला कमी होत नाही. क्लिनिकातल्या माणसाला तू बांगडीचं सांगितलंस का? सांगून त्याने फिलर सुचवलं असेल तर त्याने ऐकलंच नाही.

शिरांचं मलाही सुचवलं होतं, मी नाही म्हटलं. चार वर्षांपूर्वी डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होते, कोपराकडची शीर दुसऱ्याच दिवशी सुजली, मग सलाइन हातावरच घेतलं. त्या रात्री त्या शिरांचे उपकार वाटले.

आणि कुणी ‘कायमचं सिलिकॉन टोचते, स्वस्तात’ म्हणालं तर तिच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. आपल्यातल्या एकीच्या मांडीतलं खाली घोट्यापर्यंत सरकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. ते सगळं परत काढता येत नाही.

—

निशांत_कोल्हापूर

अबोलीताई, मी उलट्या बाजूचा. ट्रान्स पुरुष, टेस्टोस्टेरॉनचं सहावं वर्ष. हातावर शिरा आल्या, पेरांवर केस आले, आणि मी ते लोकांना दाखवत फिरायचो. तुम्हाला नको असलेलं सगळं मला हवं होतं, हे वाचताना गळा दाटून आला. हाडाचं मात्र डॉक्टर म्हणतात तसंच. अंगठीचं माप कॉलेजात होतं तेच आज आहे. गॅरेजमध्ये मोठा पाना हातात मावत नाही म्हणून नवीन गिऱ्हाईक अजून बघतं.

माझ्या खालच्या शस्त्रक्रियेसाठी, म्हणजे लिंग घडवायला, सर्जनने मनगटाकडची कातडी घ्यायचं सुचवलं होतं. त्याआधी एक चाचणी करतात, मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबून मूठ आवळायला लावतात, मग एक सोडून तळवा किती पटकन लाल होतो ते बघतात. माझी चाचणी चांगली आली, तरी मी नको म्हटलं. हाताच्या आतल्या बाजूला एवढा मोठा व्रण, आणि मी हातावर जगतो. तुम्हीपण हातावर जगता. कुठल्याही डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा की मी दिवसाला पन्नास शिरा शोधते, बोटाची टोकं बधिर झालेली मला चालणार नाहीत.

पैशांचं एक. पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्यात कलम १५ आहे, त्यात विम्याच्या तरतुदीत शस्त्रक्रिया आणि हार्मोनच्या बरोबरीने लेझर उपचाराचाही उल्लेख आहे. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र असेल तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात केसपेपर काढून विचारा. फिलरला मिळेल असं वाटत नाही, लेझरसाठी विचारायला हरकत नाही.

—

कासाराची_लेक

मी वाईची, आमची चौथी पिढी बांगड्यांत. ट्रान्स वगैरे मला फार कळत नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या ताई. पण बांगडी मला कळते.

दोन-आठ म्हणजे दोन इंच आणि वर सोळातले आठ भाग, अडीच इंच आतून. त्याच्यावर दोन-दहा, त्याच्यावर दोन-बारा, पावणेतीन इंच. कासारणी घरी येताना दोन-चार ते दोन-आठ आणतात, कारण तेच खपतं. तुमचा हात मोठा नाही, त्यांच्या पेटीत तुमचं माप नव्हतं. शेतात खुरपणाऱ्या, वीटभट्टीवरच्या, भाकरी थापून पंजा रुंद झालेल्या बायका आमच्याकडे येतात, दोन-दहा, दोन-बारा घेऊन जातात. माझ्या आजीलाच दोन-दहा लागायची, आणि ती कासारीण होती.

माप असं काढा. पाची बोटं जुळवा, अंगठा करंगळीकडे न्या, जशी बांगडी घालताना नेतो, आणि पंजाच्या सगळ्यात रुंद जागी दोरा गुंडाळा. दोरा जेवढा इंच भरेल त्याला ३.१४ ने भागा. जे येईल त्याच्या पुढचं माप घ्या, अंगावरचं नाही. काच ताणत नाही.

बांगड्या सकाळी भरून घ्या. दुपारी उन्हाने हात फुगतो, काम करून आल्यावर तर जास्तच. भरायच्या आधी पाच मिनिटं हात वर धरा, मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून त्यावरून बांगडी सरकवा, साबणापेक्षा बरं. भीती वाटली की हात आपोआप ताठ होतो आणि अंगठ्याचं हाड वर येतं, तिथेच बांगडी फुटते. तुमची तिथेच फुटली ना? पहिली फुटली की दुसरीला हात आणखी ताठ. त्या काकूंनी तिथे थांबायला हवं होतं.

मनगटावर सैल वाटली तर पुढून-मागून पेचाची पाटली लावा, ती उघडते, पंजावरून न्यायची गरजच नाही. मधे हिरव्या बांगड्या गच्च बसतात.

—

अबोली_मिरज

सगळ्यांना उत्तर द्यायला बरेच दिवस लागले, रात्रपाळ्या होत्या. तुम्ही एवढं लिहिलंत, मी दोनदा आईला वाचून दाखवलं. सुमनताई, तुमचं पहिलं वाक्य वाचल्यावर ती उठून आत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली.

त्या क्लिनिकाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. सुमनताई, बांगडीचं मी त्यांना सांगितलं होतं, जखमसुद्धा दाखवली होती. शिरांना हात लावणार नाही. लॅबमधल्या माझ्या मैत्रिणीने काल सरावासाठी माझंच रक्त काढलं, हातावरून, पहिल्या टोचणीत. सुई आत गेल्यावर ट्यूबमध्ये रक्त आलं तेव्हा ती जी हसली, ते हसू माझं रोजचं आहे. त्या शिरेकडे मी बराच वेळ बघत होते. आवडली असं म्हणणार नाही. पण राहू दे.

पेरांवरचे केस मात्र मला खरंच नकोत. ते कुणी बघतं म्हणून नाही, मला एकटीलाही नकोत. डॉक्टरताई, एनडी-याग असलेल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे दाखवलं, त्यांनी आधी एका बोटावर छोटा ठिपका करून बघितला, दहा दिवसांनी डाग नाही म्हटल्यावर पहिली बैठक झाली. दोन्ही हातांचे अडीच हजार. वजन दीड किलो वाढलंय. फिलरचं लग्नानंतर वर्षभराने बघू, आणि घेतलंच तर विरघळणारं.

दोऱ्याने माप घेतलं. साडेआठ इंच भरला, म्हणजे दोन-बारा. कासारीणकाकूंकडे मीच गेले, आईला घेऊन. त्यांनी दोरा हातात घेऊन मोजला आणि म्हणाल्या, त्या दिवशीच सांगायचं होतं गं, मी मोठ्या नंबरची पेटी घरी ठेवून आले होते. फिरोजाबादचा माल पुढच्या आठवड्यात येतोय, त्यातून दोन-बाराच्या दोन डझन बाजूला काढणार आहेत, बहिणीच्या चुड्याच्याच हिरव्या रंगातल्या. चुडा सकाळी आठला भरायचा ठरलाय. आईने मावशीला फोनवर वेळ सांगितली आणि माझं नाव घेऊन सांगितली.

एकच शंका राहिली. लेझरची पुढची बैठक हळदीच्या नऊ दिवस आधी येते, आणि हळदीच्या आदल्या रात्री मेंदी आहे. चालेल का?

—

त्वचावाली_नाशिक

नऊ दिवस कमी पडतात. ही बैठक लग्नानंतर घ्या, थोडं अंतर वाढलं तर काही बिघडत नाही. हळद चोळायची असेल तर निदान तीन आठवडे आधीपासून हातांवर लेझर नको. रोज सनस्क्रीन लावा, बोटांच्या पेरांवरही. लग्नानंतर मेंदी पूर्ण उतरेपर्यंत थांबा, तिचा रंग प्रकाश शोषतो आणि कातडी भाजते. हाताच्या मागच्या बाजूची मेंदी साधारण दोन आठवडे राहते. काळी म्हणून विकतात ती कोनची मेंदी लावू नका, त्यात मिसळलेल्या केसांच्या रंगाने फोड येतात. पानं वाटून घरी भिजवा.